शेडच्या दारातले मामा

आज मी घरापासून इतक्या लांब, कर्नाटकात, एका बियाणे कंपनीच्या शेडमध्ये तीस बायांच्या कामावर देखरेख करते. ही नोकरी आणि माझा संसार, दोन्ही एकाच वेळी टिकले ते जीपवाल्या मामांमुळे. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, आमच्या गल्लीतले. नववीतून शाळा सुटलेली मी. लिहिताना काही चुकेल की काय, ही धास्ती आहेच. पण मामांविषयी कुणीतरी लिहायला हवं.

मामांची एक गोष्ट पाहुण्यांना फार नवलाची वाटे. बायकोच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या आडोशातल्या मिरचीत, पाऊल टाकण्याआधी हा मिशाळ, आडदांड माणूस दारातल्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा. मग दोन्ही तळवे मामींपुढे धरायचा. मामी हुंगून बघायच्या आणि म्हणायच्या, "या."

मामा पहिल्यापासून असे नव्हते. दुसरबीड ते साखरखेर्डा त्यांची जीप चाले, तेव्हा टपावरसुद्धा माणसं बसत. मामी दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जात आणि चहापत्तीसाठीही मामांकडे मागत. मामा देत, पण "काल तं देले होते" हे ऐकवूनच. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या आणि जीप अर्धी रिकामी धावू लागली. त्याच सुमारास मामी एका बियाणे कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करायचं काम शिकल्या. कळीतला नराचा भाग चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. त्याला बोटं हलकी लागतात, मामींची तशी होती. तीन वर्षांत त्यांनी घरच्या वावरात दहा गुंठ्यांचं शेडनेट उभं केलं. शाळा सुटून घरी बसलेल्या मला त्यांनीच हाताशी घेऊन काम शिकवलं. आता घरात मामांपेक्षा मामींचा पैसा जास्त येऊ लागला.

मामांना ते पचेना. त्यांना तंबाखूची सवय, आणि तंबाखूचा हात लागला की मिरचीवर रोग येतो. एकदा मामींनी आम्हा बायांदेखत त्यांना दारातच अडवलं.

"माह्याच वावरात मले काऊन अडवून राह्यली?"

"वावर तुमचं हाय. कंपनीच्या कागदावर सई माही हाय. हात धुवा, मंग या."

मामा हात न धुताच आत घुसले आणि मुद्दाम झाडं चाचपत ओळीओळीनं फिरले. पंधरा दिवसांत त्या ओळींची पानं आकसली, त्यांवर पिवळे चट्टे उमटले. तीन ओळी उपटून जाळाव्या लागल्या. मामांनीच सगळी झाडं उपटली, पेटवली, आणि खिशातली पुडीही त्यातच टाकली. सवय काही एका दिवसात सुटली नाही. म्हणून तर ते हुंगणं.

त्यानंतर मामा सकाळी जीपमधून आम्हा बायांना शेडवर आणून सोडू लागले. स्टँडवरचे टवाळ विचारत, "काय मामा, मामीनं आज खर्चाले काय देलं?"

"देलं ना बे! तुह्या काऊन पोटात दुखून राह्यलं? तुह्या बायकोलेही धाड, आमची शिकवते." आणि हे सांगताना मामांची मान अशी ताठ, की विचारणाराच ओशाळायचा.

माझं लग्न गावातल्याच पेंटरशी झालं. दुकानांच्या पाट्या रंगवायचे हे. फ्लेक्स आले आणि यांचं काम बसलं. तेवढ्यात मला कंपनीकडून इकडच्या नोकरीचं विचारणं आलं. यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वाटलं, नोकरी धरली तर संसार जातो, संसार धरला तर नोकरी. मामांना कळलं तसे ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बायकोच्या मागं गाव सोडू का मामा? लोक हासतीन," हे म्हणाले.

"हासतीन. माह्यावर हासले, मेलो का मी? अकडीपायी म्या तीन ओळी जाळल्या. तू तं पोरीची अख्खी नोकरी जाळून राह्यला." मग थांबून हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मामीचे पैसे वाढले तवा मले वाटे, आता आपल्याले कोन इचारते? पन इचारते रे. अजून जीपचा आवाज आल्याबिगर जेवत नाही तुही मामी."

हे उठून आत आले. मग मला म्हणाले, "बॅग कोणती न्यायची?"

इथं पहिले सहा महिने यांनीच स्वयंपाक केला. आता शाळांच्या भिंती रंगवायचं काम मिळतं. उद्या माझ्यापेक्षा जास्त कमावतील, किंवा नाहीही. त्यावरून आमच्या घरात आता भांडण होत नाही.

मामांचा गुडघा फार दुखतो म्हणे, जीपही विकली. फोन लागला नाही की माझा जीव खालीवर होतो. एक दिवस मी दोघांचं तिकीट काढीन, इकडं आणीन आणि मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या कमाईतून करीन. मामा नको म्हणतील. मी ऐकणार नाही.