दाराजवळचे दोन डोळे

कुलपाचा मला राग आहे. कपाटाच्या नाही, आत माणूस ठेवून बाहेरून लावतात, त्या कुलपाचा. आईला विसरण्याचा आजार जडला आणि दिवेलागणीला ती पायात चपला सरकवून "माहेरी जातो" म्हणू लागली, तेव्हा सौंसरहून दादाचा फोन आला. "स्वयंपाकात असशील तेव्हा दाराले बाहेरून कुलूप घालत जा." मी म्हटलं, "आई काय गोठ्यातली गाय आहे का?" आणि फोन ठेवून दिला.

आईचं माहेर सावरगाव. आमचं पांढुर्णा आणि ते, मध्ये फक्त जाम नदी आणि तिच्यावरचा पूल. तिथं आता आपलं कोणी नाही, घर विकलं, हे तिला सांगितलं की ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग मी सांगणंच सोडलं. जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणलं. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरूच होत्या. दिवसा सोबतीला एक बाई यायची. खरी भीती संध्याकाळची होती. त्या वेळी घरात आम्ही दोघीच, आणि माझी पाठ दाराकडे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी मुलांकडून छोटे-छोटे बोर्ड आणि सेन्सर जोडून घेता घेता मलाच त्यांचा नाद लागला होता. म्हटलं, कुलूप नको, राखणदार बसवू. दाराजवळच्या अंधाऱ्या बोळकांडीत, चपलांच्या रॅकवर, कमरेच्या उंचीला एक सेन्सर लावला. त्याला समोर दोन गोल जाळ्या असतात, अगदी डोळ्यांसारख्या. खरं म्हणजे एक तोंड आणि एक कान. एक जाळी आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते, दुसरी त्याचा परत आलेला पडसाद ऐकते. मध्ये माणूस आलं की पडसाद लवकर येतो आणि स्वयंपाकघरात भोंगा वाजतो.

मी स्क्रू पिळत असताना आई मागे येऊन उभी राहिली. मला ती तेव्हा ओळखत नव्हती, मास्तरीणबाई म्हणायची.

"हे काय लावून राहिल्या जी?"

"राखणदार आहे. म्हाताऱ्या माणसाकडे ध्यान ठेवते. बाहेर निघालं की सांगते."

"बरं केलं बाप्पा," ती म्हणाली, आणि तिनं त्याला हात जोडले.

पहिले काही दिवस या राखणदारानं मला रडवलं. मिक्सर लावला की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मांजर रॅकवर चढली तरी बोंब, पडदा हलला तरी बोंब. "बह्याडा, माणूस येऊ दे न आधी!" असं मी त्याला ओरडायची आणि आई पलंगावरून म्हणायची, "पोराले नका रागावू जी." चार्जर बदलला, वायरी घट्ट केल्या, पडदा काढून टाकला. मग तो सुधारला. आई चपला घालायची, भोंगा वाजायचा, मी पिठाच्या हातानं धावायची आणि म्हणायची, "चला, चहा घेऊन जा माहेरी." चहा होईपर्यंत माहेर विसरलेलं असायचं.

दसऱ्याला सोनं द्यायला लोक येत राहणार म्हणून मी एक बटण जोडलं. दाबलं की भोंगा गप्प, पुन्हा दाबलं की सुरू. शेवटचा पाहुणा गेल्यावर मी ते पुन्हा दाबलं. दाबलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. भोंगा वाजला नाही. पलंग रिकामा दिसला तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी अनवाणी पळाले. जामच्या पुलावर एका भाजीवाल्या बाईनं आईचा हात धरून ठेवला होता. आई तिला सांगत होती, "माय वाट पाहून राहिली असंल." गाड्या तिच्या अगदी अंगाला लागून जात होत्या. मी तिला मिठी मारली, तर तीच माझी पाठ थोपटायला लागली.

दादा दुसऱ्याच दिवशी नवंकोरं कुलूप घेऊन आला. "तूच बटण बंद ठेवलं असशील," तो म्हणाला. "रविवारी येतो. तोवर तुझं ते खेळणं नीट नाही झालं, तर मीच लावतो कुलूप."

मी घाबरले होते. मशीन बिघडल्याचं दुःख नव्हतं. बटण मीच विसरले असेन आणि माझ्या विसरण्यापायी आई कोंडली जाईल, ही भीती होती. पाहिलं तर बटण सुरूच होतं. जीव भांड्यात पडला, पण बिघाड काही सापडेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना शिकवते, तसंच केलं. कोड पुन्हा भरला. वायरी बदलल्या. मीटर लावला, वीज बरोबर येत होती. आणि बोर्ड सांगत होता, समोर कोणी नाही. मी स्वतः समोर उभी, तरी कोणी नाही! शेवटी त्याच वायरींना दुसरा सेन्सर जोडला, तर भोंगा ठणाणा वाजला. म्हणजे दोष रॅकवरच्या सेन्सरमध्येच. तो काढून अंगणाच्या उजेडात नेला आणि पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

दोन्ही जाळ्यांवर ओलं हळदकुंकू लावलेलं होतं. वाळून घट्ट बसलं होतं, आणि मध्ये एक अक्षत रुतलेली. दसऱ्याला घरातल्या शिलाई मशीनपासून विळ्यापर्यंत सगळ्यांची पूजा आईनंच केली होती. माझं नाव ती विसरली, पूजा नाही विसरली. राखणदारालाही तिनं सोडलं नव्हतं. मी अंगणातच बसून खूप रडले.

रविवारी तो सेन्सर मी दादाच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं रुतलेली अक्षत बोटानं हळूच चाचपली. तेवढ्यात आई करंडा घेऊन आली. दादानं टेबलावर आणून ठेवलेल्या कुलपाला तिनं आधी हळद लावली, मग कुंकू. "नवी वस्तू हाय, दादा. तशीच नसते वापरत," ती त्याला म्हणाली. तिच्या लेखी तो कोणी पाहुणा होता. दादानं रुमाल काढून डोळे पुसले, कुलूप पिशवीत टाकलं आणि सौंसरची बस धरली.

नवा सेन्सर मी चौकटीच्या वर लावला, खाली तोंड करून, तिचा हात पोचणार नाही असा. बुजलेला जुना पुन्हा रॅकवरच्या जागी बसवला, वायरींशिवाय, तिच्या कुंकवासाठी. आता ती रोज सकाळी त्याच्यापुढे वाकते, बोट टेकवते आणि हळूच सांगते, "म्हातारीकडे ध्यान ठेवजो रे बाबा. निघून जाते ते."

"हो जी, ठेवतो," मी स्वयंपाकघरातून म्हणते.