करंड्याची सावली

विकायच्या पितळी करंड्यांचे फोटो आम्ही घरीच काढतो. जेवणाच्या टेबलावर, भिंतीवरून वळवून आणलेला पांढरा कार्डशीट, बटर पेपर लावलेला टेबल लॅम्प आणि सावली उजळायला थर्माकोलचा तुकडा. तो तुकडा हे धरायचे. "सगळी सावली घालवू नकोस, वस्तू तरंगल्यासारखी दिसते," म्हणायचे. "आणि कुंकू जरा सांडू दे बाजूला. वापरातलं वाटतं." फोटो झाला की बोटाला लागलेलं कुंकू मी कपाळाला टेकवायची.

हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच मांडामांड केली. थर्माकोल तांदळाच्या डब्याला टेकवला. सावली पुरती गेली, आणि करंडा खरंच तरंगायला लागला. हल्ली घरात वावरताना माझंही तसंच होतं. पाय कुठे टेकलेत असं वाटत नाही.

सवयीनं कुंकू लागलेलं बोट कपाळाकडे गेलं आणि मध्येच थांबलं.

"लाव ना आई. कोण काय म्हणणार आहे?" लेक म्हणाली.

कुणीच काही म्हणणार नव्हतं, तेच तर. मी बोट कार्डशीटच्या कोपऱ्याला पुसलं.

तिनं मोबाइलवर फोटो काढून पाहिला. "हा लाल डाग काढून टाकू?"

"राहू दे," मी म्हटलं. "वापरातलं वाटतं."