गंजोबाचा हात

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे गंजोबा म्हणतात. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे. हे हसतात. मला मात्र ते नाव ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मी ती लपवायच्या भानगडीत पडत नाही. एकदा मालक घरी आले होते. चहाचा कप पुढे करताना मी सरळ विचारलं, "तुम्हाला घरी काय म्हणतात हो?" मालकांनी हसून विषय बदलला. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

कारखान्यात ड्रिल, भोकं पाडायचे पंच, कापायची पाती असली हत्यारं येतात आणि त्यांच्यावर सोनेरी मुलामा चढवून परत जातात. मुलामा म्हटलं की लोकांना दागिने आठवतात. शेजारीण मला अजून विचारते, "तुमचे मिस्टर सोन्याच्या कामात आहेत ना? मग गळ्यात एवढंसंच का?" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय सांगू तिला. त्या मुलाम्यात सोनं औषधालाही नसतं. टायटॅनियम नावाचा धातू आणि हवेतला नायट्रोजन यांचा तो पापुद्रा. केसाहून कितीतरी पातळ, पण असा कडक की त्याच्या जोरावर हत्यार कितीतरी पट जास्त दिवस टिकतं.

लग्न झाल्यावर लोकांचे नवरे बायकोला सिनेमाला नेतात. आमच्या ह्यांनी मला चेंबर दाखवायला नेलं. चेंबर म्हणजे पोलादाचं मोठं पिंप, त्याला जाड काचेची खिडकी. आत हत्यारं टांगायची, दार आवळायचं आणि पंपानं आतली हवा ओढून काढायची, जवळजवळ काहीच उरणार नाही इतकी. मग अगदी थोडा आर्गॉन वायू सोडायचा आणि वीज द्यायची, की खिडकीतून जांभळा उजेड दिसतो. आत टायटॅनियमची जाड पाटी असते, तिच्यामागे लोहचुंबक बसवलेले असतात, ते त्या उजेडाला पाटीजवळच धरून ठेवतात. वायू पाटीवर आपटतो, पाटीतून धातूचे कण उडतात, आणि वर मोजून नायट्रोजन सोडला की दोघं मिळून हत्यारावर बसतात. नायट्रोजन कमी पडला तर रंग पांढुरका, जास्त झाला तर तपकिरी. बरोबर पडला तरच पिवळाधमक. हे त्या खिडकीला नाक लावून उभे राहायचे आणि एक हात व्हॉल्व्हवर. माझ्याकडे त्या नजरेनं त्यांनी कधी पाहिलं असेल तर शपथ. सवतच होती ती माझी, आणि मी तिच्याशी कधी भांडलेही नाही, कारण ती होती म्हणून माणूस घरी आनंदात यायचा.

आता नावाचं सांगते. या कामात स्वच्छता सगळ्यात मोठी. धुतलेल्या हत्याराला उघडा हात लागला की हाताचं तेलकट तिथं राहतं आणि मुलामा नेमका त्या बोटाच्या आकारात सुटतो. म्हणून सगळेच हातमोजे घालतात. पण काही माणसांचा घामच असा असतो की पोलाद गंजतं. नोकरीला लागल्यावर सुरुवातीलाच ह्यांचा एक मोजा फाटला, हातातला पंच घसरायला लागला आणि ह्यांनी तो उघड्या हातानं सावरला. दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत पंचावर पाच बोटं तपकिरी उमटलेली. तेव्हाच्या मुकादमानं तो पंच सगळ्या कारखान्यात फिरवला. लोक पोट धरून हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे त्या दिवसापासून एकावर एक असे दोन मोजे घालायला लागले. घरी माझी कात्री, सुया, विळी कशालाही हात लावायचे नाहीत. मी कपडे शिवते, तेव्हा घरभर लोखंड. "अगं, तेवढी कात्री उचल ना," म्हणून मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे. कात्री त्यांच्या पुढ्यात पडलेली असायची. लेक झाली तेव्हा तिला घ्यायच्या आधी हात धुवायचे, पुसायचे, परत धुवायचे. मी म्हणायचे, "अहो, पोर आहे ती, पोलाद नाही." तरी धुवायचे.

आणि कारखान्यात काय, आयतं गिऱ्हाईक मिळालं. पंपाचं तेल खराब झालं, गंजोबानं नजर लावली. रंग फिका आला, गंजोबाचा हात लागला असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी चिडायचे, "तुम्ही हसता कशाला त्यांच्याबरोबर?" तर म्हणायचे, "मशीन माझ्या हातात आहे ना? मग नाव काही का ठेवेनात." ह्यांना दुसरं काही नकोच होतं. बढती नको, शाबासकी नको. ती खिडकी तेवढी आपली राहावी, बास.

मग बेकरीवाल्याचं काम आलं. बेकरीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा नव्हे, मोठा कारखानदार, पाव कापायच्या यंत्रांची ढीगभर पाती त्याची. मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं. मुलामा चढवण्याआधी हत्यारं चेंबरमध्ये तापवावी लागतात, आणि मग वायूचा मारा करून त्यांचा वरचा थर आणखी एकदा सोलून काढावा लागतो. वेळ खाणारं काम, पण त्याशिवाय मुलामा धरत नाही. मालक म्हणाले, तो वेळ निम्मा करा, दिवसात जास्त फेऱ्या निघतील. हे म्हणाले, "साहेब, धरणार नाही." मालक म्हणाले, "तू मशीन चालव. कारखाना मी चालवतो."

ह्यांनी हे त्याच दिवशी जेवताना मला सांगितलं. ताटावर बसून नुसते भात चिवडत होते.

व्हायचं तेच झालं. पावाच्या तुकड्यांवर सोनेरी कपच्या दिसायला लागल्या. बेकरीवाल्याचा माल दुकानादुकानातून परत आला. ह्यांनी त्यातलं एक पातं कागदात गुंडाळून घरी आणलं आणि मला दाखवलं. कांद्याचं साल सुटतं तसं टोकापासून टोकापर्यंत सुटलं होतं. नखानं ढकललं की निघत होतं. "ह्यात बोट कुठं दिसतंय का तुला?" ह्यांनी विचारलं. मी पातं उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. बोट नव्हतं. आणि ह्यांचे दोन मोजे होतेच.

पुढचं मला झाडूवालीनं सांगितलं, ह्यांनी जन्मात सांगितलं नसतं. बेकरीवाला यायच्या आधी मालकांनी ह्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "वेळ कमी केला म्हणून सांगितलं तर कारखान्याचं नाव जाईल, सगळीच गिऱ्हाइकं जातील. तू म्हण, तुझा हात लागला. तुझ्या हाताचं सगळ्यांना माहीतच आहे. माणसाची चूक तो समजून घेईल. मशीन तुझंच राहील, माझा शब्द." आणि ह्यांनी ऐकलं. बेकरीवाल्यासमोर मान खाली घालून म्हणाले, "माझ्या हातानं झालं, साहेब." बेकरीवाला म्हणाला, "दाखव हात." ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यानं किळस आल्यासारखे पाहिले आणि मालकांना म्हणाला, "हा माणूस पुन्हा माझ्या मालाजवळ दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मालक म्हणाले. तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं खणखणीत.

दुसऱ्या दिवसापासून हे फाटकावर. येणाऱ्या गाडीसाठी अडसर उचलायचा, गेल्यावर खाली करायचा. लाकडी अडसर बरं का, गंजायची भीती नको. चेंबरवर नवा माणूस आला, आणि मालकांनी गुपचूप तापवायचा वेळ पूर्वीइतका केला. गाजावाजा नाही, काही नाही. साहजिकच मुलामा धरायला लागला. आणि कारखाना काय म्हणाला माहितीये? "बघा, गंजोबा गेला आणि कसं झकास काम सुरू झालं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्याशाला फाशी देऊन वर म्हणाले की गावातल्या चोऱ्या थांबल्या.

हे बोलणं फाटकावर रोज ह्यांच्या कानावर पडायचं. लोक डबा खायला बाहेर येताना हसून सांगायचे. मी म्हणाले, सोडा ती नोकरी, माझ्या शिवणावर भागेल. ह्यांचं एकच, "इथून निदान पंपाचा आवाज येतो." मग एक दिवस म्हणाले, "अगं, कदाचित माझ्याच हातानं झालं असेल."

मी हातातलं शिवण खाली आपटलं. "पातं मला कुणी दाखवलं होतं? बोट कुठंय म्हणून कुणी विचारलं होतं?"

"तेव्हा रागात होतो. मी गेलो आणि काम नीट झालं, हे तर खरं ना?"

माणूस खोटं बोलला की त्याला ते टोचत राहतं. ह्यांनी ते टोचणं घालवायला खोट्यालाच खरं करायला घेतलं होतं. मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, खचलेत, होतील बरे.

एका सुट्टीच्या दिवशी शिवणाच्या मशीनची सुई माझ्या बोटात घुसली. रक्ताची धार लागली. हे धावत आले, समोरची कात्री उचलली आणि चिंधी फाडून बोट बांधलं. कात्रीला आपला उघडा हात लागला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझी कात्री साधी पोलादी, पाण्याचा थेंब पडला तरी डाग धरणारी. दुसऱ्या दिवशी मी ती उचलली तर लख्ख. मी दांडे पाहिले, पाती पाहिली. कुठं काही नाही.

मग मी ह्यांचा तळवा हातात घेतला. कोरडा ठणठणीत. वय झालं, अंगातला घाम आटला. इतक्या वर्षांत मोज्यांच्या आत डोकावून कोण बघणार? नाव पडलं होतं ना, मग झालं.

मला इतका आनंद झाला की मी कात्री नाचवतच त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "तेल असेल तिला." मी त्यांच्यादेखत सोड्यानं घासली, धुतली, कोरडी केली. "धरा आता. चांगली घट्ट." त्यांनी धरली. सकाळी फळीवरून काढली तर कात्री आरशागत स्वच्छ. मी म्हणाले, "चला, हीच घेऊन मालकांच्या टेबलावर ठेवू. तुम्ही ती सगळ्यांसमोर धरून दाखवा."

ह्यांनी कात्री उलटीपालटी करून पाहिली. वाटलं होतं, हसतील, निदान एक शिवी तरी हासडतील. मूर्ख मी. ह्यांचा चेहरा पार उतरला. म्हणाले, "म्हणजे मी उगाच बोललो. माझं मशीन मीच माझ्या तोंडानं देऊन टाकलं."

"तुम्ही नाही दिलं, त्यांनी काढून घेतलं."

"हात माझा, तोंड माझं." मग म्हणाले, "आणखी एकदा बघू या. एका वेळेवरून काही ठरत नाही." त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच कात्री धुतली, स्वतःच धरली, स्वतःच फळीवर ठेवली.

सकाळी मी उठले तर हे टेबलाशी बसलेले, पुढ्यात कात्री. दोन्ही दांड्यांवर बोटं उमटलेली, तांबडी-तपकिरी, एकूण एक स्पष्ट. "बघ," म्हणाले, "मी सांगत होतो ना तुला." कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा लागला होता. मी चहा टाकायला आत गेले.

ओट्यावर मिठाची बरणी उघडी होती. आतलं मीठ ओलं होऊन गोळा झालं होतं, आणि त्या गोळ्यात बोटं खुपसल्याच्या खुणा होत्या. बाजूला वाटीत थोडं पाणी उरलेलं. मी जीभ लावली. खारट.

मी तिथंच उभी राहिले. राग आला होता, पण तो नेमका कुणाचा ते मला सांगता येत नव्हतं. मालकांचा, बेकरीवाल्याचा, त्या मुकादमाचा, आणि ह्यांचाही. वाटलं, ती वाटी नेऊन त्यांच्या पुढ्यात आदळावी. बाहेरून ह्यांनी विचारलं, "पाहिलीस ना नीट? माझ्याच हातानं ना?"

मी वाटी विसळून पालथी घातली, बरणीला झाकण लावलं आणि चहा घेऊन बाहेर आले.

"हो," मी म्हणाले. "तुमच्याच हातानं."

त्यांनी मान हलवली आणि सगळा चहा संपवून कामावर गेले.