कोंबडीचं तोंड कुणाकडे

यू-छायला कुणी 'मालकीणबाई' म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"कसली डोंबलाची मालकीण!" ती तव्यावरचं अंडं उलटत म्हणायची. "मालकीण खुर्चीवर बसते. मी लग्नाच्या आधीपासून उभीच आहे."

यात खोटं काही नव्हतं. कांगशानच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं न्याहारीचं दुकान होतं. गावात दर दुसऱ्या वळणावर स्क्रूचा कारखाना, आणि त्यांची पहिली पाळी सुरू व्हायच्या आत अर्ध्या गल्लीच्या पोटात यू-छायच्या हातची अंड्याची पोळी नाहीतर मुळ्याची वडी पडलेली असे. गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ती पडत नसे. पुरुष आला तर 'हिरो' आणि बाई आली तर 'राणी', मग तो हिरो बिनदातांचा का असेना.

"हिरो, तिखट घालू का? परवा घातलं तर ढसाढसा रडलास."

"राणी, आज दोन पोळ्या? नवरा आला वाटतं घरी!"

लोक हसायचे, पैसे डब्यात टाकायचे आणि जायचे. तिच्या उजव्या मनगटावर औषधी पट्टी कायमची चिकटलेली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, ताप आला तरी उभ्यानंच. नवरा उत्तरेकडे ट्रक चालवायचा आणि सणावारी उगवायचा. त्यामुळे सगळा गाडा तिनेच ओढायचा.

या बाईच्या मनात एकच गोष्ट होती. मुलगी खुर्चीवर बसली पाहिजे.

मुलगी म्हणजे पेइरोंग, धंदेशिक्षणाच्या शाळेत शेवटच्या वर्षाला. तिच्यासाठी खुर्ची शोधूनही झाली होती. यू-छायचा थोरला भाऊ शुई-ताय एका स्क्रूच्या कारखान्यात गोदामाचा प्रमुख होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिथे घालवली होती. त्याने साहेबाच्या कानावर घातलं, साहेबाने मान हलवली, आणि उन्हाळ्यात शाळा संपली की पेइरोंगने ऑफिसात रुजू व्हायचं ठरलं. विमा, रविवारची सुट्टी, वर्षअखेरचा बोनस.

"आणि एसी," शुई-तायमामा सांगायचा. "उन्हाळ्यात अंगावर स्वेटर घेऊन बसतात पोरी तिथं."

"ऐकलंस?" यू-छाय मुलीकडे बघून म्हणायची. "स्वेटर! इथे माझ्या घामाने सोयाबीनचं दूध खारट व्हायची पाळी येते."

पेइरोंग तोंडातून ब्र काढत नसे. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. ती नाही म्हणत नव्हती, पण हो तरी कुठे म्हणत होती?

त्यात शाळेने आगीत तेल ओतलं. लाई सर म्हणून एक तरुण मास्तर नवीनच आले होते. चेहरा असा, की जणू रोज सकाळी कुणी त्यांना बक्षीस देतं. त्यांनी मुलांना आठवडाभर खरी दुकानं मांडायला लावली. पेइरोंगच्या गटाने कारखान्याच्या फाटकापाशी न्याहारी विकली. आदल्या संध्याकाळी फोनवर मागणी घ्यायची, सकाळी पिशवीवर नाव लिहून हातात द्यायची, कामगाराला रांगेत उभं राहायला नको. सगळ्या पिशव्या संपल्या. त्या दिवसापासून पोरीच्या डोळ्यांत जे काही चमकायला लागलं, ते यू-छायच्या नजरेतून सुटलं नाही.

"आई, आपण दुकानातच असं केलं तर?"

"तू खुर्चीवर बस, मग काय करायचं ते कर."

"अगं पण ऐकून तरी..."

"तवा तापलाय. बाजूला हो."

महिन्याभराने लाई सर स्वतः दुकानात आले. मालकीणबाई, मुलांशी बोलायला शाळेत याल का? विषय आहे नोकरी की स्वतःचा धंदा. तुमच्यासारख्या अनुभवी उद्योजिकेने...

'उद्योजिका' ऐकून यू-छायने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. नाहीच म्हणणार होती. मग तिच्या मनात आलं, बरं सापडलं हे. वर्गात पेइरोंग असेल, तिच्या मैत्रिणी असतील. सगळ्यांदेखत एकदाच असं सांगावं की परत कुणी धंद्याचं नाव काढणार नाही.

"येते की, हिरो," ती म्हणाली. लाई सर कानापर्यंत लाल झाले.

ती गेली. फळ्यावर रंगीत खडूने 'स्वतःचे मालक व्हा!' असं लिहिलेलं होतं. ते वाचूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बोलायला सुरुवात केली. पहाटे उठावं लागतं, मनगट जातं, कमरेचा भुगा होतो, कोण मेलं तरी दुकान उघडावं लागतं. मुलं हसत होती. तिची बोलण्याची ढबच अशी होती, की ती जेवढी चिडायची तेवढे ऐकणारे खूश व्हायचे. आता हिला काय करायचं? मनगटावरची पट्टी सोलून दाखवली, तर टाळ्या पडल्या!

मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "काकू, मग तुम्ही धंदाच का निवडलात?"

"निवडला?" यू-छायचा तोल गेला. "निवडला कुणी गं? कोंबडीने निवडला!"

आता पुढचं बोलल्यावाचून सुटका नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती दिव्यांच्या माळा करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. बसून काम. स्टूल का होईना, होतं. वर्षअखेरचं जेवण होतं, मालकाने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर अख्खी कोंबडी आली आणि तिचं तोंड यू-छायकडे होतं. मालक एक शब्द बोलला नाही. तशी रीतच. ज्याच्याकडे तोंड, त्याने नवीन वर्षात कामावर यायचं नाही. शेजारची मैत्रीण वाटीत डोकं खुपसून जेवत राहिली.

"मग काय केलंत?"

"काय करणार? रडले. आईचा तवा उचलला आणि बाजाराच्या तोंडाशी मांडला. आता आलं लक्षात? ज्याला खुर्ची मिळत नाही ना, तो मालक होतो!"

आता तरी पोरं गंभीर होतील असं तिला वाटलं. तर लाई सरांनीच टाळ्या सुरू केल्या. डोळ्यांत पाणी त्यांच्या! शेवटच्या बाकावर पेइरोंग बसली होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. नुसती आईकडे बघत होती, कधी न पाहिल्यासारखी. घरी तिला नेहमी सांगितलेलं होतं, की आईने नोकरी आपण होऊन सोडली.

घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली पेइरोंग म्हणाली, "तू दुसऱ्याच दिवशी तवा मांडलास?"

"तिसऱ्या. एक दिवस रडण्यात गेला."

"भारी आहेस हं तू."

यू-छायने स्कूटर थांबवली. "भारी? अगं कार्टे, मी तिथे सांगत काय होते आणि तुला ऐकू काय आलं? डोकं आहे की भोपळा?"

तेव्हापासून घरात धुमसायला लागलं. यू-छाय पातेली आपटायची. पेइरोंग आपटत नसे, पण पहाटे न सांगता खाली यायची आणि आईच्या आधी तवा पेटवायची. याला काय म्हणून रागवायचं? आईला रागवायलाही जागा ठेवत नव्हती पोरगी.

वर्षअखेर आली. बाराव्या चांद्र महिन्यात जमिनीच्या देवाला शेवटचा नैवेद्य दाखवायचा, की मग दुकानाचं जेवण. यू-छायच्या दुकानात नोकर म्हणजे पेइरोंग, आणि पाहुणा म्हणजे शुई-तायमामा. देवाला कोंबडी अख्खी लागते, मुंडक्यासकट. तीच मग टेबलावर यायची. दरवर्षी यू-छाय तिचं तोंड स्वतःकडे करून ठेवायची. नोकरांना जपणारे मालक तसंच करतात. "मलाच काढा एकदाचं," असं म्हणायची, आणि तिघं हसायची.

या वर्षी तिने उदबत्ती लावताना देवाला स्पष्ट सांगितलं. पोरगी ऐकत नाही, तोंडाने सांगून मी थकले. आता तू साक्षी राहा.

टेबल मांडलं. शेंगदाण्याची पूड घातलेले डुकराच्या मांसाचे पाव आणले. मामा आला, संत्र्यांची पेटी कोपऱ्यात ठेवून बसला. मग यू-छायने कोंबडीची थाळी मधोमध ठेवली आणि सावकाश फिरवली. कोंबडीचं तोंड पेइरोंगच्या वाटीसमोर येऊन थांबलं.

"आई?"

"रीत आहे आपली. मी काही बोलणार नाही." आणि लगेच बोललीच. "उद्यापासून माझ्या तव्याला हात लावायचा नाही. शाळा संपली की मामाच्या ऑफिसात जायचं, खुर्चीवर बसायचं. तुला काढलं मी."

पेइरोंगने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "तुझ्याकडे कोंबडीचं तोंड होतं तेव्हा तुला कसं वाटलं होतं, ते विसरलीस?"

"विसरले नाही म्हणूनच करतेय! माझं जे झालं ते तुझं व्हायला नको."

"पण तेच तर करतेयस!"

यू-छाय भावाकडे वळली. "दादा, तू सांग हिला. सांग ना एसीचं! नेहमी तर तोंड थांबत नाही तुझं."

शुई-तायमामा बोलला नाही. आल्यापासूनच तो बोलला नव्हता, आणि भांडणाच्या नादात ते दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने हात पुढे केला, थाळीची कड धरली आणि ती फिरवायला लागला. कोंबडीचं तोंड पेइरोंगवरून सरकलं, देव्हाऱ्याकडे गेलं आणि मामाच्या समोर येऊन थांबलं.

"मस्करी पुरे," यू-छाय म्हणाली.

"आमच्याकडचं जेवण काल झालं," मामा म्हणाला. "तिथे बिनमुंडक्याची कोंबडी आणतात हल्ली, कुणाला भीती नको म्हणून. साहेबाने जेवणाआधीच बाजूला बोलावलं. म्हणाला, शुई-ताय, गोदाम आता यंत्र सांभाळणार. ऑफिसही हलतंय, दुसऱ्या गावी." त्याने पेइरोंगकडे पाहिलं. "तुझी खुर्चीपण गेली, पोरी. मला सांगायला तोंड नव्हतं."

यू-छायला इतका राग आला, की तो कुणावर काढायचा तेच कळेना. साहेबावर काढावा तर तो इथे नव्हता. देवाकडे पाहिलं, तो नेहमीसारखा हसत होता. इतकी वर्षं या माणसाच्या जिवावर तिने मुलीला खुर्चीचं स्वप्न दाखवलं, आणि आज त्याचीच मान खाली. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. तिने सुरा उचलला, कोंबडीचं मुंडकं एका घावात उडवलं आणि नेऊन रश्शाच्या पातेल्यात टाकलं.

"झालं," ती म्हणाली. "आता कुणाकडेच तोंड नाही. जेवा."

मामाने पाव हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"पहाटे चारला ये," यू-छाय त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एप्रन आहे इथे."

"मला अंडंसुद्धा उलटता येत नाही गं."

"मी शिकवीन," पेइरोंग म्हणाली. तिने मामाच्या वाटीत कोंबडीची तंगडी वाढली. "म्हणजे, मला कामावरून काढलंय, तरी शिकवीन."

"कुणी काढलंय तुला?" यू-छाय खेकसली. मग भिंतीशी ठेवलेलं गिऱ्हाइकांचं एक स्टूल तिने पायाने ओढलं आणि टेबलाशी बसली. "खा गुपचूप. आणि ते फोनवर मागणी घ्यायचं काय म्हणत होतीस, ते सांग. मास्तरसारखं भाषण नको, नीट सांग."