अर्धमागधीतला पहिला वर्ग

दिवाकर मास्तरांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: एम.ए. झालेली आणि वाया गेलेली. शहात्तर साली ते स्वतः नुसते बी.ए. बी.एड. होते, पण आपली गणना त्यांनी आधीच पहिल्या प्रकारात करून टाकली होती. नाशिक रोडच्या त्यांच्या शाळेला लवकरच अकरावी-बारावी जोडली जाणार होती. तिथं शिकवायला एम.ए. लागणार आणि पगार थेट वरच्या श्रेणीचा. त्या पगारावर इंदिरानगरला घर बांधू, असं त्यांनी बायकोला, उत्तराबाईंना, सांगूनही ठेवलं.

एम.ए.चा विषय निवडताना मास्तरांनी फार डोकं चालवलं. अर्धमागधीत मार्क भरभरून पडतात, म्हणून अर्धमागधी. त्या भाषेवर त्यांचं काडीचं प्रेम नव्हतं. त्यांच्याच शाळेतले निवृत्ती सर, चांदवडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अर्थशास्त्र घेऊन कसेबसे दुसऱ्या वर्गात आले, तेव्हा मास्तरांनी चारचौघांत त्यांची टिंगल केली. स्वतःच्या पहिल्या वर्गाचे पेढे मात्र घरोघर वाटले आणि दारावरच्या पाटीवर 'एम.ए.' रंगवून घेतलं.

अकरावी सुरू झाली. अर्थशास्त्राला बाकं पुरेनात, अर्धमागधीकडे कुणी फिरकेना. वरची जागा निवृत्ती सरांना मिळाली. मुख्याध्यापक मास्तरांना म्हणाले, मुलं आणा, वर्ग उघडतो. झालं, हे विद्वान दर उन्हाळ्यात मुलं मागत हिंडू लागले. मार्कांची लालूच दाखवायची, हीच यांची विद्या! पालक चहा पाजत आणि पोराला कॉमर्सला घालत. मास्तरांना त्याची लाज म्हणून वाटत नसे. लोकांनाच शिक्षणाची किंमत नाही, असं ते घरी येऊन सांगत.

अशी काही वर्षं गेली आणि त्यांची मुलगी सरोजिनी दहावी पास झाली. जेवताना मास्तरांनी फर्मान सोडलं, तू अर्धमागधीच घ्यायचं. मास्तरांची मुलगी आली की बाकीची आपोआप येतील.

सरोजिनी खाली मान घालून म्हणाली, "बाबा, मी अर्थशास्त्र घेणार आहे. निवृत्ती सर छान शिकवतात."

"त्या पन्नास टक्केवाल्याकडे शिकणार तू?"

उत्तराबाईंनी शांतपणे त्यांच्या पानात पोळी वाढली.

"अहो, जाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "घरात एकीला तरी पगार वाढेल असं शिकू द्या."

मास्तरांनी पोळीला हात लावला नाही. मायलेकी जेवत राहिल्या.