व्हर्ना हुलेकच्या फोटोतले मिचके डोळे

व्हर्ना हुलेक चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग मान. त्या दिवशी जत्रेच्या मंडपात रंग थेट कॉलरच्या आत उतरला होता.

जिल्ह्याच्या जत्रेत लोणची, भोपळे, रजया आणि फोटो सगळ्यांसमोर तपासले जातात. परीक्षक एकेक वस्तू उचलतो आणि जिची ती असेल तिच्यासमोरच मोठ्याने बोलतो. व्हर्नाने यंदा ब्रिन हॉर्कीचा फोटो ठेवला होता. ब्रिन शाळेच्या शेवटच्या वर्षाला. गावात या वर्षाच्या प्रत्येक पोराचा उघड्यावर फोटो निघतो आणि त्याचं भलंमोठं बॅनर फुटबॉल मैदानाच्या कुंपणावर वर्षभर झळकतं. फोटो ऑगस्टातच द्यावे लागतात, म्हणून ऐन उन्हात, शाळेचं अक्षर शिवलेलं लोकरी जाकीट चढवून पोरं मक्याच्या कडेला घाम गाळत उभी राहतात. आणि समोर कॅमेरा घेऊन व्हर्ना. कधीपासून, तर ब्रिनची आई जोलीन अशाच जाकिटात उभी होती तेव्हापासून.

परीक्षक ऑस्टरहाउट लिंकन शहरातून आलेला. आवाज असा, की गरम दुधात मध ढवळतोय.

"जाकिटाचा रंग काय सुरेख पकडलाय!" तो म्हणाला. "फक्त एक छोटीशी गोष्ट. डोळे कुठे आहेत? सूर्य समोर असला की माणूस डोळे बारीक करणारच. पाठ उन्हाकडे करा, समोरून काहीतरी पांढरं धरा, उजेड चेहऱ्यावर उलटतो. पण मका मात्र अप्रतिम हं!"

आणि पांढरी फीत. म्हणजे तिसरा नंबर. फोटो आले होते तीनच.

"मका अप्रतिम!" मंडपाबाहेर येताच व्हर्नाने त्याचा आवाज काढला, ओठांचा चंबू करून. "वरून साखर, खालून साखर, मध्ये खिळा! माझ्या बापाने शिकवलंय, सूर्य कायम आपल्या पाठीशी ठेवायचा. बाप काय वेडा होता?"

"मनावर घेऊ नकोस गं," जोलीन म्हणाली. "मला तर छानच वाटला. वेगळा आहे."

"आई, मी त्यात कांदा चिरतेय," ब्रिन म्हणाली.

"ब्रिन!"

"उद्या सकाळी शाळेत फोटो द्यायचाय. मग वर्षभर मी कुंपणावर अशी." तिने डोळ्यांच्या फटी केल्या, वरचा ओठ नाकाकडे ओढला. हुबेहूब. "सगळ्यांचे असेच येतात, मिसेस हुलेक. शाळेत त्याला हुलेक-डोळे म्हणतात."

व्हर्नाची मान पुन्हा पेटली. "कधीपासून म्हणतात?"

ब्रिनने आईकडे बघितलं. जोलीनने मंडपातल्या भोपळ्यांकडे.

"जोलीन!"

"आमच्या... आमच्या वेळेपासून," जोलीन पुटपुटली. शाळेच्या लांब भिंतीवर तिचाही फोटो होता. तिच्या वर्गाचे सगळे ओळीने, जणू कुणी सगळ्यांच्या तोंडात एकदमच लिंबू पिळलंय.

"आणि मला? मला काय सांगत होतात? 'छान आलाय व्हर्ना.' 'वेगळाच आलाय हं व्हर्ना.' घरी कोलाचेसारखे गोड पाव आणून देत होतात! सगळं गाव माझ्यामागे हसतंय आणि तोंडावर खसखशीचे कोलाचे!"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"मग आता काय मला गुदगुल्या होतायत? बसा गाडीत. दोघी!"

पिकअपचं दार तिने असं आपटलं, की शेजारच्या पिंजऱ्यातला बक्षीसपात्र कोंबडा आरवायचा थांबला. वाटेत घरून एक पांढरी चादर उचलली. हॉर्कींच्या शेतावर पोचेपर्यंत ऊन तिरपं झालं होतं.

"पाठ कर सूर्याकडे! जोलीन, माझ्या बाजूला ये, चादर ताणून धर. खांदे नको पाडूस, वाळत घातल्यासारखी दिसतेयस." आणि ऑस्टरहाउटच्या मधाळ आवाजात, "आता काहीतरी पांढरं धरा हं, व्हर्नाताई!"

पहिल्या फोटोत ब्रिनचा चेहरा कोळशासारखा आला. मागच्या आकाशाच्या उजेडाने कॅमेरा फसला होता. व्हर्नाने लिंकन शहराला, तिथल्या परीक्षकांना आणि स्वतःच्या मेलेल्या बापाला एका दमात शिव्या घातल्या. मग कॅमेऱ्यातला उजेड वाढवला, वाकली, पुन्हा फोटो टिपला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. ब्रिनचे डोळे होते. पूर्ण उघडे, तपकिरी, जरा भांडखोर. केसांच्या कडेला सोनेरी रेघ.

"डोळे आले माझे!" ब्रिन ओरडली. "आई, बघ ना!"

जोलीन चादर सावरत वाकली. "अगं बाई, किती छान..."

"जोलीन." व्हर्नाने कॅमेरा तिच्या नाकासमोर धरला. "तुझ्या पोरीचं वर्षभराचं बॅनर आहे. छान म्हणालीस तर जत्रेत राहिलेली तुझी गाडी आणायला चालत जाशील. खरं सांग."

जोलीनने पुन्हा पडद्यात बघितलं. जन्मात असं कुणाला तोंडावर बोलली नव्हती बिचारी.

"तो... तो विजेचा खांब," ती म्हणाली. "तिच्या डोक्यातून उगवलाय."

व्हर्नाने पडद्यावर बघितलं. मग खांबाकडे. कान लालबुंद.

"ब्रिन, डावीकडे सरक! आणखी! हां." आणि डोळा कॅमेऱ्याला लावता लावता जोलीनवर खेकसली, "पहिल्याच फोटोला सांगायला काय झालं होतं गं तुला?"