गोठ्यामागची शिकवणी

मी मॅट्रिक झालेली, मास्तरांची मुलगी. लग्न होऊन चिंचवडच्या शेतकरी घरात आले. आमचे हे नववीतून शाळा सोडलेले, देहूरोडला लष्कराच्या गोदामात हमाल. तिथं कारकुनाची जागा निघाली आणि इंग्रजीची परीक्षा लागली. पाठीवरची पोती उतरायला तेवढी एकच वाट होती.

सासूबाईंच्या देखत नवऱ्याशी बोलायचीही चोरी, तिथं शिकवणार कुठं? मग रोज सकाळी गोठ्यामागं मी गोवऱ्या थापायची आणि हे शेणाच्या पालथ्या पाटीवर बसून वही वाचायचे. बाकी सगळं जमायचं, पण अ, ॲन आणि द यांनी जीव नको केला.

"पहिल्यांदा दिसलं की अ डॉग, तेच पुन्हा आलं की द डॉग," मी सांगायची.

"कुत्रं ते कुत्रं! इंग्रजाला एवढ्या चौकशा कशाला?"

मला हसूही यायचं आणि संतापही. तरी महिन्याभरात दहातली सात वाक्यं बरोबर यायला लागली. जागा मिळणार, असं मी मनाशी धरून बसले.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. अगदी सोपं वाक्य चुकलं आणि माझा तोल गेला. "अहो, डोकं आहे का खोकं?" मी ओरडले. मागं सासूबाई उभ्या होत्या.

"नवऱ्याला असं बोलतीस व्हय गं? लई मोठी मास्तरीण लागून गेलीस!"

ह्यांचा चेहरा उतरला. "न्हाई आई, मीच शिकवतोय हिला," असं म्हणून मला दरडावलं, "सांग, सूर्याला काय लावायचं?"

"द."

"चूक!"

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. "चुकलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हे गोठ्यामागं आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. त्या माझ्या ताठ्याचा मला अजून राग येतो. परीक्षेत हे नापास झाले आणि म्हातारपणापर्यंत पोती वाहत राहिले. त्यांची पाठ चोळताना मला रडू यायचं. त्यांना वाटायचं, तेलाचा हात डोळ्याला लागला.

मधल्या काळात मुलगी आठवीत गेली. एकदा इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, अ कधी लावायचा आणि द कधी?"

हे समोरच बसले होते.

"मला नाही येत गं," मी म्हणाले. "बाबांना विचार."

त्यांनी मान वर केली नाही. पोर पुस्तक मिटून निघून गेली. त्या वर्षी ती इंग्रजीत नापास झाली.